कोरड्या साडीतली राणी

सोमवार, ३ नोव्हें.

शनिवारच्या नोंदीत दुरुस्ती. तिथे लिहिलंय, "आत्याच्या हट्टामुळे तो सिनेमा परत बघावा लागला." आत्याने हट्ट केला नव्हता. ती मागच्या दारी तांदूळ निवडत होती. पेटीतून सीडी मी काढली, हॉलचे पडदे मी ओढले, आणि "आत्या, ये ना" हे तीनदा मीच म्हटलं. 'बघावा लागला' हेही खोटं. बघितला. डोळे भरून बघितला.

अप्पांचा नियम, वहीत खोडायचं नाही. चूक सापडली की पुढच्या तारखेला दुरुस्ती लिहायची. दम्यामुळे चौथीपर्यंत मला शाळेत घातलं नव्हतं, अप्पाच कोर्टातून आल्यावर घरी शिकवायचे. आता सव्विसावं चालू आहे, वही कुणी तपासत नाही. तरी दोन दिवस ते वाक्य टोचत राहिलं.

सिनेमा म्हणजे 'एळु मोसळेगळ राणी'. सात मगरींची राणी. कन्नड, माझ्या जन्माच्या बऱ्याच आधीचा. चार दिवस चालला आणि गेला, असं आत्या सांगते. वाईट आहे का? आहे. राणी नदीत बुडी मारते आणि वर येते तेव्हा साडी कोरडी, निऱ्यांची घडीसुद्धा मोडलेली नाही. नदीच्या तळाशी भिंतीवर पाल आहे. पाल अभिनय बरा करते.

हे सगळं मला दिसतं. दिसूनही


बुध. ५ नोव्हें.

संध्याकाळी गच्चीवर. पौर्णिमा. चंद्र एकच होता, जरा कमी वाटला. सिनेमात दोन आहेत. एक राणीच्या डोक्यावर, एक खांद्यामागे. कुणाच्या लक्षात आलं नसेल? की आलं, आणि म्हणाले, राहू दे, दोन बरे दिसतात?

कंपनीत दिवसभर औषधांची लेबलं तपासली. एक टिंब इकडचं तिकडे असेल तर अख्खा गठ्ठा परत. दुपारी डोळे मिटले की निळं कापड. सिनेमातला नदीचा तळ म्हणजे दोन बाजूंनी हलवलेलं निळं कापड, आणि त्यामागे पेटलेल्या समया. पाण्याखाली समया. कुणी काही समजावत नाही. राणी येते, एकेक वात पुढे सारते, आणि सात मगरी पायऱ्यांवर हनुवटी टेकून झोपतात. एकीच्या पोटाला चेन आहे, पिशवीला असते तशी. चेन दिसली की मी हसते. दर वेळी. हसून झाल्यावरही मगर तिथेच असते, झोपलेली. तिच्या पाठीला पाठ लावून आपणही पडावं असं वाटतं.

नऊ वर्षांची असताना अप्पांनी विचारलं होतं, "आवडला? मग तीन कारणं सांग." त्यांच्याकडे आवडलं म्हणायचं तर तीन कारणं लागायची, भाजीलासुद्धा. मला एकही सापडेना. मी म्हटलं, "नाही आवडला." माझ्या आठवणीतलं पहिलं खोटं.


रवि. ९ नोव्हें.

आज 'रविवारचा पडदा'. मेधाताईंच्या (पुढे मे.ता.) सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून दोनदा सिनेमा आणि चर्चा. सगळे पुण्या-नाशिकहून इथे नोकरीला आलेले. जुन्या म्हैसूरची मी एकटी. माझ्या तोंडून 'स्वल्प' किंवा 'सुम्ने' असा कन्नड शब्द गेला की निनाद टाळी वाजवतो. "गौरीचे पणजोबा घोड्यावर बसून इकडे आले आणि परतीचा रस्ता विसरले!" त्याला मी आवडते असं मे.ता. म्हणतात. असेल. टाळी नको.

पण मला तिथे जायला आवडतं. लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना विसरायला होईल. अप्पांच्या ऑपरेशनच्या वेळी मे.ता. पंधरा दिवस डबा पाठवत होत्या. घराबाहेर मराठी बोलायला मिळणारी माझी तेवढी एकच जागा आहे.

आज चर्चेनंतर मे.ता. म्हणाल्या, "तीस तारखेला टाकाऊ संध्याकाळ करू या. प्रत्येकाने आपल्याला ठाऊक असलेला सर्वांत भिकार सिनेमा सुचवायचा."

कुणी काही, कुणी काही. मग सगळे माझ्याकडे. मला वाटलं, चला, माझ्याकडेही यांना देण्यासारखं काही आहे. नाव सांगितलं. चेन सांगितली. पाल सांगितली. कोरडी साडी सांगितली तेव्हा निनाद खुर्चीवरून खाली घसरला. मला इतकं बरं वाटलं! आणि त्या भरात म्हटलं, "राणीचं काम केलेल्या बाई अजून आहेत. टी. नरसीपूरला देवळापाशी दुकान आहे त्यांचं."

"काय सांगतेस! बोलावू या!" मे.ता. "सोनेरी भोपळा देऊ त्यांना."

म्हणजे खरा भोपळा, सोनेरी रंग लावून. कन्नड बोलणारी मी, म्हणून फोन माझ्याकडे.


सोम. १० नोव्हें.

फोन केला. जेवणाच्या सुट्टीत, कंपनीच्या जिन्यात. नंबर आत्याने मिळवून दिला, तिच्या मैत्रिणीचं माहेर तिथलं.

नाव रत्नम्मा. आवाज जाड, घाईचा. मागे घंटा वाजत होती. "काय हवंय? नारळ?"

मी सांगितलं की आम्ही काही मंडळी तुमचा सिनेमा बघणार आहोत. त्या गप्प. इतक्या गप्प की मी घाबरले आणि बोलत सुटले. आमच्या मंडळींना तुमच्याबद्दल फार आदर आहे, तुमचा सन्मान करायचा आहे. मे.ता.नी 'आदर' म्हटलं नव्हतं. 'सन्मान' तर नाहीच. मराठीत म्हणाल्या त्या, "जरा धमाल येईल." कन्नडमध्ये वडीलधाऱ्या बाईशी बोलताना शब्द आपोआप वाकतात, नमस्काराला वाकतो तसे. पण वाकवले मी.

"शाल देणार का?" त्यांनी विचारलं.

"देणार." हे तर पूर्ण माझ्या मनाचं.

"बरं. येते." मग पुन्हा, "येतेच."


गुरु. १३ नोव्हें.

मी शाल विकत आणली. केशरी काठाची. म्हणजे 'शाल देणार' हे आता खोटं उरलं नाही. असं मनाला सांगितलं. मन हसलं.

मे.ता.ना शाल दाखवली. "किती गोड आहेस गं! भोपळ्यावर घालू, फोटो छान येईल."

आत्या म्हणते, फोनवर काय तो सन्मान, घरी जाऊन रीतसर बोलवायचं असतं, हळदकुंकू घेऊन. बरोबर आहे. रविवारी जाऊ. तिथे समोरासमोर सगळं सांगेन.


रवि. १६ नोव्हें.

सांगितलं नाही.

घडलं तसं लिहिते. सकाळच्या बसने आत्या आणि मी. धुकं इतकं की नदी आधी कळलीच नाही, फक्त रस्ता संपून पांढरं काहीतरी सुरू झालं. त्या पांढऱ्यात लांबवर एक माणूस उभा होता, कमरेपर्यंत. नाव असेल त्याच्या खाली, दिसत नव्हती. मला वाटलं, आता समया दिसतील.

दुकान म्हणजे ताडपत्रीखाली दोन बाकं. नारळ, झेंडू, कापूर. रत्नम्मा साठीच्या पुढच्या, रुंद, चष्म्याला दोरी. मी शोधत होते, राणी कुठे आहे. मग त्यांनी नारळ उचलून कानाशी हलवला आणि मान जरा डावीकडे कलली. तीच. मगरींचं ऐकते तेव्हा अशीच कलते.

"बन्नी, बन्नी, कूतकोळ्ळी." बसवलं. आत्याचं वय पाहून, "अय्यो, तू बघितलायस?" आत्या म्हणाली, "टॉकीजमध्ये! दोनदा! शेवटी मगरी रडतात तेव्हा माझी अम्मा इतकी रडली, बाजूच्या बाईनं पदर दिला तिला."

दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. मी बाजूला, हळदकुंकवाची पुडी घेऊन.

सून आली, चहा घेऊन. रत्नम्मा म्हणाल्या, "ही म्हणते, अत्ते, तुम्ही थापा मारता. लग्नाला नऊ वर्षं झाली हिच्या. हिनं काय, माझ्या पोरानंसुद्धा बघितला नाही तो सिनेमा. आता बघतील." सून लाजून हसली, "मी थापा नाही म्हटलं. म्हटलं, एक फोटो तरी दाखवा." फोटो नाही. एकही नाही. पुरात गेले.

साडीचं मी विचारलं. न राहवून. त्यांनी सांगितलं, रेशमी सीरे एकच होती, एका दुकानदाराच्या बायकोची, मागून आणलेली. थेंब लागू द्यायचा नव्हता. म्हणून पाण्यात जायचं ते जुन्या सुती सीरेत, कॅमेरा लांब ठेवून. वर येतानाचं दुसऱ्या दिवशी, काठावर, रेशमी सीरेत.

"मग लोक काही म्हणाले नाहीत? साडी कोरडी कशी म्हणून?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. खरोखर न कळून. "राणी आहे ना ती," म्हणाल्या. "तिला पाणी कसं लागेल?"

इतकी वर्षं बघतेय, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि आलं तेव्हा वाटलं, हे तर मला नऊ वर्षांची असतानाच माहीत होतं.

निघताना हातावर फुलं ठेवून विचारलं, "चेन्नागित्तु, अल्वा?" छान होता, नाही? मला एकटीला विचारलं.

"तुंब चेन्नागिदे," मी म्हटलं. फार छान आहे. 'होता' नव्हे, 'आहे' म्हटलं. आज दिवसभरात बोललेलं हे एक पूर्ण खरं.

बसमध्ये आत्या, "सांगितलंस का त्यांना, ते भोपळ्याचं?"

"नाही."

"हं." मग नंजनगुडाकडचं कुठलं तरी लग्न, त्यातली भांडणं, घर येईपर्यंत.


बुध. १९ नोव्हें.

काल पुन्हा बघितला. संध्याकाळी, एकटीने, पडदे न ओढता. समोरच्या घरातून दिसत असेल. दिसू दे.

कोरड्या साडीला आज हसू आलं नाही. चेनला आलं. म्हणजे मी काही सुधारले नाही.


शनि. २२ नोव्हें.

मे.ता.कडे तयारी. सगळे आले होते. पोहे, कागदाच्या मगरी, कात्र्या. भोपळ्याला सोनेरी रंगाचा दुसरा हात. मीही एक मगर कापली, चांगली कापली.

निनादने कार्यक्रम वाचून दाखवला. सिनेमा चालू असताना तो माईकवरून टिप्पणी करणार. राणी पाण्यातून वर आली की सगळ्यांनी एका आवाजात ओरडायचं, "ड्रायक्लीन!" पाल दिसली की शिट्टी. दुसरा चंद्र आला की मोबाइलचे दिवे. शेवटी रत्नम्मांना पुढे बोलावून भोपळा.

मी 'ड्रायक्लीन'ला हसले. हे लिहिणं भाग आहे. मोठ्याने हसले, निनादकडे बघून.

मग मे.ता. म्हणाल्या, "गौरी, तू त्यांच्या शेजारी बस. त्यांना मराठी कळत नाही ना? मग झालं. आपण काहीही बोललो तरी तू कानात सांगत राहा, 'सगळ्यांना फार आवडतंय.' आपल्याला त्यांना दुखवायचं थोडंच आहे!"

कागदाची मगर माझ्या हातात होती. तिचं शेपूट मी इतकं चुरगाळलं की फेकावी लागली.

सुनेला कन्नड कळतं. मराठी नाही. पण हसणं कुणालाही कळतं. आणि भोपळा. आपल्याकडे परीक्षेत भोपळा मिळतो. त्यांच्याकडे भोपळा कापून नवं दुकान उघडतात, गाडीची पूजा करतात. रत्नम्मा तो दोन्ही हातांत धरून घरी नेतील आणि देवापुढे ठेवतील.


सोम. २४ नोव्हें.

पहाटेचं स्वप्न, विसरायच्या आत. सोसायटीचा हॉल, पण भिंती निळ्या आणि हलणाऱ्या. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मगरी बसल्या होत्या, ओळीने, पुढचे पंजे मांडीवर. मे.ता.ही होत्या, पोहे वाढत होत्या, प्रत्येकीला विचारून, "लिंबू?" कुणी हसत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. पडद्यावर मी होते. लेबलं तपासत होते. एक मगर दुसरीला म्हणाली, "चांगलं काम करते." मला फार शांत वाटलं.

जागी झाले तर छातीत घरघर. पंप घेतला.


मंगळ. २५ नोव्हें.

अप्पांना विचारलं. ते कोर्टात भाषांतरकार होते, तीस वर्षं. नाव न घेता विचारलं, दुभाष्याने बोलणाऱ्याचे शब्द गोड करून सांगितले तर?

पेपर खाली केला. "साक्षीदारानं शिवी दिली, तर शिवीच सांगायची. जजसाहेब लाल झाले तरी. एकदा एका म्हातारीनं माझ्याच तोंडावर मला शिवी दिली, तीही सांगितली मी. 'ती म्हणते, हा भाषांतरकार गाढव आहे.'"

"आणि समोरच्याला वाईट वाटणार असेल तर?"

"मग ते काम घ्यायचं नाही. घेऊन मग मऊ करायचं नाही." चष्म्यावरून बघितलं. "काय झालंय?"

"काही नाही. कंपनीतलं."

दुरुस्ती, इथेच, उद्याची वाट न बघता: कंपनीतलं नव्हतं.


बुध. २६ नोव्हें.

मे.ता.ना फोन केला. म्हटलं, मला कानात खोटं सांगायला जमणार नाही. आणि मला तो सिनेमा आवडतो.

"अगं, आम्हालाही आवडतोच की! म्हणून तर बघतोय."

"तसा नाही."

"मग कसा? सांग ना. मी टोमणा मारत नाहीये, खरंच विचारतेय."

मी म्हटलं, विचार करून सांगते. त्या म्हणाल्या, "हे बघ, तू त्या बाईंना आता हे सगळं सांगितलंस तर त्या येणार नाहीत. त्यात त्यांचा काय फायदा? चाळीस माणसं, शाल, फोटो. त्यांच्या सुनेला त्या पडद्यावर दिसतील. आमच्या दोन शिट्ट्यांसाठी तू त्यांचं एवढं घालवणार?"

मे.ता. बरोबर असू शकतात.

पण 'कसा' ह्याला उत्तर लिहून बघते. ते लोक काठावर बसून बघतात, पाय कोरडे ठेवून. चेन दिसली की त्यांचं काम झालं, ते वर राहतात. मला चेन दिसते आणि तरी मी खाली जाते. खाली समया पेटलेल्या असतात. तिथे लेबलावरचं टिंब चुकत नाही, कारण लेबलच नाही. तिथे एका बाईला पाणी लागत नाही, आणि तिच्या हाताखाली सात भयंकर जनावरं डोकं ठेवून झोपतात, आणि ती कुणाला कारण सांगत नाही. चांगले सिनेमेही बघते मी, क्लबात बघितले, काही फार आवडले. पण ते बघताना मी नीट बसते. हा बघताना पाय वर घेऊन बसते, केस सोडून. मला हा सिनेमा वाईट असूनही आवडत नाही आणि वाईट म्हणूनही आवडत नाही. आवडतो. एवढंच आहे. लाज वाटायला हवी होती ती शोधली, सापडली नाही. लाज आहे ती दुसऱ्याच गोष्टीची, की मी तो चार टाळ्यांसाठी देऊन टाकला.

हे मे.ता.ना पाठवावं का? पाठवलं. शेवटचं वाक्यसुद्धा. दोन निळ्या खुणा.


गुरु. २७ नोव्हें.

मे.ता.चं उत्तर सकाळी. "वाचलं. दोनदा. निनादशी बोलते. पण हॉल ठरलाय, लोकांना सांगून झालंय." एवढंच. म्हणजे काय होणार ते त्यांनाही माहीत नाही.

दुपारी रत्नम्मांचा फोन, त्यांनी आपणहून केलेला पहिला. सुनेने नवा ब्लाउज शिवलाय. मुलाने रविवारी रिक्षा बंद ठेवलीय. "निळी नेसू का गं, मगळे? की जुनी दिसेल?" मगळे म्हणजे लेकी.

"निळी नेसा," म्हटलं. मग म्हटलं, "मी तुमच्याकडे येऊन बोलते."

"आणखी कशाला येतेस? बोलावून झालं ना?"

"एक राहिलंय."

ठरवलं ते असं. शेजारी बसायचं काम मी घेतलेलं नाही, अजून. त्यांनी सगळं ऐकून मग बस म्हटलं तर बसेन, आणि जे बोललं जाईल ते जसंच्या तसं सांगेन, 'ड्रायक्लीन'सकट. येऊ नये वाटलं तर शाल तिथेच देईन, आणि सीडी आणि घरचा जुना प्लेअर घेऊन जाईन, सुनेला तिथेच दाखवू. पण ते त्यांनी ठरवायचं. मी नाही, मे.ता. नाही.

सांगायचं ते: संध्याकाळीचं खरं नाव काय आहे. भोपळ्याचा आमच्याकडचा अर्थ काय. आणि सिनेमा क्लबच्या हातात दिला तो मी, आणि सांगताना हसले ती मी. आवडतो हे कधी सांगायचं कळत नाही. आधी सांगितलं तर लाच, शेवटी सांगितलं तर मलमपट्टी. मधेच कुठे तरी सांगेन.

दुरुस्ती: वर 'संध्याकाळीचं' झालंय, 'संध्याकाळचं' हवं.

ऐकून त्या माझ्याशी बोलणं सोडतील. सोडू शकतात.

उद्या शुक्रवार, कंपनीत माल सुटायचा दिवस, रजा मिळत नाही. परवा. शनिवार, २९ नोव्हेंबर, पावणेसातची बस. दुकान आठला उघडतं आणि नऊला देवळात गर्दी सुरू होते. मधल्या तासात.